विश्लेषण : दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला लेसोथो वेगळा देश कसा राहिला? काय होती राजा मोश्वेश्वेची नीती?

आफ्रिकेच्या नकाशावर दक्षिण आफ्रिका या मोठ्या देशाच्या आत एक लहानसा वेगळा देश दिसतो. त्याचे नाव लेसोथो. एकाच देशाने चारही बाजूंनी वेढलेले असे जगात तीनच देश आहेत. व्हॅटिकन सिटी आणि सॅन मारिनो हे दोन इटलीत, तर तिसरा लेसोथो. सुमारे ३० हजार चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ प्रदेश बोअर शेतकऱ्यांच्या प्रजासत्ताकाला गिळता आला नाही आणि पुढे दक्षिण आफ्रिकेतही तो विलीन झाला नाही. याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील राजा पहिला मोश्वेश्वे याला दिले जाते. ११ मार्च या त्याच्या मृत्युदिनी लेसोथोत राष्ट्रीय सुट्टी असते. मात्र याच राजाच्या हयातीत बासोथो लोकांची सर्वांत सुपीक जमीन कायमची हातची गेली. मग हा राजा जिंकला की हरला, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्याचे आयुष्य समजून घ्यावे लागते.

मोश्वेश्वे कोण होता?

मोश्वेश्वेचा जन्म १७८६ च्या सुमारास आजच्या लेसोथोच्या उत्तरेकडील मेन्खोआनेंग या गावी झाला. त्याचे मूळ नाव लेपोको. वडील मोखाचाने हे मगर हे कुलचिन्ह असलेल्या कोएना समाजातील एका छोट्या शाखेचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली काही गावे, थोडी गुरे आणि मोजके लढवय्ये एवढाच पसारा होता. त्या काळी सोथो भाषा बोलणाऱ्यांचे एक असे राज्य नव्हते. लहान-लहान टोळ्या आपापल्या प्रमुखाच्या आधाराने राहत, ज्वारी पिकवत, गुरे पाळत आणि अधूनमधून एकमेकांची गुरे पळवत.

तरुण लेपोकोही यात मागे नव्हता. एका शेजारी प्रमुखाची गुरे त्याने इतक्या सफाईने पळवली, की आपण त्याची दाढीच भादरली अशी फुशारकी तो मारू लागला. दाढीवरून फिरणाऱ्या वस्तऱ्याचा जो आवाज होतो, त्यावरून मोश्वेश्वे हे नाव पडले आणि तेच कायम राहिले. म्हणजे ज्याला पुढे शांततेचा राजा म्हणून ओळखले गेले, त्याचे नाव गुरांच्या लुटीतून आलेले आहे.

हा बदल घडवण्यात मोहलोमी या वृद्ध प्रमुखाचा मोठा वाटा मानला जातो. मोहलोमी वैद्य होता, दूरदूर भटकलेला होता आणि न्यायी म्हणून त्याची ख्याती होती. तापट, महत्त्वाकांक्षी मोश्वेश्वेला त्याने काही गोष्टी समजावल्याचे बासोथो परंपरा सांगते. सत्ता जादूटोण्याच्या औषधांनी मिळत नाही, ती माणसांच्या मनात मिळवावी लागते. गरिबाला आधार द्यावा, शक्यतो युद्ध टाळावे आणि चेटूक केल्याच्या संशयावरून कुणाचा जीव घेऊ नये, हा त्या उपदेशाचा गाभा होता.

लिफाकाने म्हणजे काय?

१८२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात युद्धांचे आणि स्थलांतरांचे भयंकर सत्र सुरू झाले. झुलू त्याला म्फेकाने म्हणतात, तर सोथो भाषेत ते लिफाकाने. राजा शाका याच्या झुलू राज्याचा विस्तार हे त्याचे एक कारण होते. दुष्काळ, चराऊ जमिनीची टंचाई आणि किनाऱ्यावरील व्यापारातून वाढलेली स्पर्धा यांचाही त्यात हात होता. नेमक्या कारणांबाबत इतिहासकारांत आजही वाद आहेत. परिणामांबाबत मात्र फारसे दुमत नाही. घरदार गमावलेली एक टोळी पुढच्या टोळीवर तुटून पडे आणि ती आणखी पुढच्या टोळीवर. १८२२ च्या सुमारास ड्रेकन्सबर्गची पर्वतरांग ओलांडून ही लाट सोथो प्रदेशात आली. उभी पिके गेली, गुरे गेली, गावे ओस पडली.

मोश्वेश्वे तेव्हा बुथा-बुथे या डोंगरावर राहत होता. १८२४ मध्ये त्लोकोआ टोळीने त्या डोंगराला वेढा घातला. मन्थातिसी ही कर्तबगार स्त्री आपल्या अल्पवयीन मुलाच्या, सेकोन्येलाच्या वतीने या टोळीचा कारभार पाहत होती. वेढा लांबला तशी डोंगरावर उपासमार सुरू झाली. वेढ्यातून सुटका झाली, पण पुन्हा असा प्रसंग आल्यास हा डोंगर टिकणार नाही, हे मोश्वेश्वेने ओळखले आणि दक्षिणेकडे जायचे ठरवले.

दक्षिण गोलार्धातील जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बायका, मुले, म्हातारी माणसे आणि उरलीसुरली गुरे घेऊन हा जथा शंभरावर किलोमीटर चालला. वाटेत मागे पडलेला मोश्वेश्वेचा आजा पेएते हा उपासमारीने माणसांचे मांस खाऊ लागलेल्या एका टोळीच्या हाती लागला आणि मारला गेला.

थाबा बोसिऊला इतके महत्त्व का?

हा जथा जिथे पोहोचला त्या डोंगराचे नाव थाबा बोसिऊ, म्हणजे रात्रीचा डोंगर. लोक तिथे रात्रीच्या सुमारास पोहोचले म्हणून हे नाव पडले असे सांगतात. रात्री हा डोंगर वाढून उंच होतो, अशी अफवाही शत्रूच्या मनात भीती बसावी म्हणून पसरवली गेली.

प्रत्यक्षात हा डोंगर आजूबाजूच्या दरीपासून फार उंच नाही. पण त्याचा माथा सपाट आणि विस्तीर्ण आहे. कडेने वालुकाश्माचे सरळसोट कडे आहेत. वर यायला मोजक्याच घळी आहेत आणि त्या दगडांच्या भिंती रचून अडवता येतात. मुख्य म्हणजे माथ्यावर जिवंत पाण्याचे झरे आणि गुरांसाठी गवत आहे. बुथा-बुथेवर जी उणीव भासली होती ती इथे भरून निघाली. पुढची सुमारे चार दशके या डोंगरावर हल्ले होत राहिले. १८२८ मध्ये मतिवानेच्या न्ग्वाने टोळीने, १८३१ मध्ये मझिलिकाझीच्या न्देबेले सैन्याने आणि नंतर बोअरांच्या तोफांनी त्याला धडक दिली. मोश्वेश्वेच्या हयातीत हा डोंगर एकदाही पडला नाही.

विखुरलेली माणसे त्याने कशी जोडली?

त्या काळात दक्षिण आफ्रिकेतील इतर अनेक सत्ताधीशांनी सैन्याच्या बळावर राज्ये उभारली. मोश्वेश्वेचा मार्ग वेगळा होता. त्याच्याकडे सैन्य कमी होते, पण सुरक्षित डोंगर आणि हळूहळू वाढत गेलेली गुरे होती. त्या बळावर त्याने माफिसा ही जुनी प्रथा मोठ्या प्रमाणावर वापरली.

माफिसा म्हणजे प्रमुखाने आपली गुरे दुसऱ्याकडे सांभाळायला देणे. गुरांचे दूध आणि त्यांची मेहनत सांभाळणाऱ्याची, मालकी मात्र प्रमुखाची. सर्वस्व गमावलेल्या कुटुंबाला दुभती गाय मिळाली की त्यांची चूल पेटे आणि पोरे जगत. त्या बदल्यात ते कुटुंब मोश्वेश्वेचे होऊन जाई. गुरे एकाच जागी न राहता विखुरल्यामुळे एका छाप्यात सगळी संपत्ती जाण्याचा धोकाही टळे. निर्वासित टोळ्यांना त्याने त्यांच्या प्रमुखांसह सामावून घेतले. कित्येक घराण्यांशी लग्नसंबंध जोडले. त्याच्या राण्यांची संख्या शंभराहून अधिक होती आणि त्यातली बरीच लग्ने हे राजकीय करारच होते.

आज्याला मारणाऱ्या टोळीचे लोक त्याच्यासमोर आणले गेले तेव्हा त्यांना ठार मारावे अशीच सर्वांची अपेक्षा होती. मोश्वेश्वेने मात्र ही माणसे म्हणजे आपल्या आज्याचे थडगे आहे आणि थडग्याची विटंबना करायची नसते, असा युक्तिवाद केला. परंपरेप्रमाणे त्यांच्यावर शुद्धीचे संस्कार झाले, त्यांना गुरे आणि जमीन मिळाली. लिफाकानेच्या काळातील नरभक्षकांच्या कथा अतिरंजित असाव्यात, असे काही इतिहासकार मानतात. तरीही बासोथोंनी आपल्या राजाची हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या का जपली, हे समजणे अवघड नाही. भूक माणसाला कुठे नेते आणि पोट भरले की तोच माणूस पुन्हा समाजात कसा येतो, हे त्या राज्यातील प्रत्येकाने पाहिले होते.

शत्रूबाबतही धोरण तेच. शाकाला तो भेटी पाठवून खूश ठेवत असे. १८३१ मध्ये न्देबेले सैन्य थाबा बोसिऊवरून मार खाऊन परत निघाले, तेव्हा मोश्वेश्वेने त्यांच्यामागे पाठलाग करणारी फौज न पाठवता धष्टपुष्ट बैल पाठवले. तुम्ही उपाशी होता म्हणून आलात, हे वाटेत खा, असा त्यामागचा निरोप होता. न्देबेले पुन्हा त्याच्यावर चालून आले नाहीत.

मिशनऱ्यांना त्याने स्वतः का बोलावले?

१८३० च्या सुमारास एक नवेच संकट आले. घोड्यांवरून येणारे, बंदुका बाळगणारे कोरा लुटारू. भाले आणि ढाली त्यांच्यापुढे टिकत नव्हत्या. मोश्वेश्वेने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे घोडे आणि बंदुका मिळवायला सुरुवात केली. काही वर्षांतच बासोथो हे पटाईत घोडेस्वार म्हणून ओळखले जाऊ लागले. दुसरी गोष्ट म्हणजे गोऱ्या मिशनऱ्यांना बोलावणे. ते जिथे राहतात तिथे शांतता नांदते, असे त्याने ॲडम क्रोट्झ या ग्रिक्वा शिकाऱ्याकडून ऐकले होते.

१८३३ मध्ये पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशनचे यूजेन काझालिस, तोमा आर्बुसे आणि कॉन्स्तां गोस्लँ हे तिघे थाबा बोसिऊवर आले. मोश्वेश्वेने त्यांना मोरिजा इथे जागा दिली. त्यांच्यामुळे सोथो भाषा लिहिली जाऊ लागली, शाळा निघाल्या, नवी पिके आली. काझालिस पुढे थाबा बोसिऊच्या पायथ्याशी राहू लागला आणि जवळपास परराष्ट्र सचिवासारखी जबाबदारी सांभाळू लागला. केपच्या गव्हर्नरांशी पत्रव्यवहार कसा करायचा, करारातील शब्दांचे वजन किती असते, हे मोश्वेश्वे या संगतीत शिकला.

मात्र तो मिशनऱ्यांच्या आहारी गेला नाही. काही जुन्या चालीरीती त्याने थांबवल्या, काही पुन्हा सुरू केल्या. प्रजेची पित्सो ही खुली सभा चालूच राहिली. तिथे सामान्य माणसालाही प्रमुखावर टीका करता येई. १८५४ मध्ये त्याने बाहेरून येणाऱ्या मद्याच्या विक्रीवर बंदी घातली. पुढच्या वर्षी चेटकाच्या आरोपावरून होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा केला. मोहलोमीचा उपदेश तो विसरला नव्हता. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा अखेरच्या दिवसांत ठरला होता, पण त्याआधीच त्याचा मृत्यू झाला.

बोअरांशी वाद नेमका कशाचा?

१८३६ नंतर ब्रिटिशांच्या केप वसाहतीतून बाहेर पडलेले डच वंशाचे शेतकरी, म्हणजे बोअर, बैलगाड्यांचे तांडे घेऊन उत्तरेकडे सरकू लागले. कॅलेडन नदीच्या पश्चिमेकडील गवताळ, काळीभोर जमीन त्यांना भावली. सुरुवातीला आलेल्यांना मोश्वेश्वेने राहू दिले. गुरे चरायला आणि पेरणी करायला परवानगी दिली.

इथेच दोन समजुतींची टक्कर झाली. बासोथोंच्या दृष्टीने जमीन सर्व समाजाची. प्रमुख ती वापरायला देतो, विकू शकत नाही. बोअरांच्या दृष्टीने आपण राबलो, घर बांधले, म्हणजे जमीन आपली. १८५९ मध्ये व्यापाऱ्यांसाठी केलेल्या नियमांतही मोश्वेश्वेने जागा केवळ वापरासाठी दिली जाते, हे स्पष्ट केले. पण तोवर शेकडो बोअर कुटुंबे नदीपलीकडे स्थिरावली होती.

ब्रिटिशांनी यात तोडगा काढण्याऐवजी गुंता वाढवला. १८४३ मध्ये केपचा गव्हर्नर नेपियर याने करार करून मोश्वेश्वेची सत्ता मान्य केली. १८४८ मध्ये गव्हर्नर हॅरी स्मिथ याने ऑरेंज आणि व्हाल नद्यांमधला सगळा मुलूख ब्रिटिश ताब्यात घेतला. पाठोपाठ मेजर वॉर्डन या अधिकाऱ्याने आखलेल्या सीमेने बासोथोंची बरीच जमीन बोअरांकडे गेली.

ब्रिटिशांना हरवूनही त्याने तह का मागितला?

वॉर्डनने १८५१ मध्ये बळाचा वापर करून पाहिला आणि फीरफूट इथे मार खाल्ला. डिसेंबर १८५२ मध्ये खुद्द गव्हर्नर जॉर्ज कॅथकार्ट फौज घेऊन आला. त्याने दंड म्हणून १० हजार गुरे आणि एक हजार घोडे तीन दिवसांत मागितले. मोश्वेश्वेने ३,५०० गुरे पाठवली. कॅथकार्टने बेरिया पठारावर हल्ला चढवला, पण बासोथो घोडेस्वारांनी ब्रिटिश तुकड्यांना जेरीस आणले. तीसहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले.

त्या रात्री मोश्वेश्वेने जे केले, त्याचा दाखला आजही राजनीतीचा धडा म्हणून दिला जातो. त्याने कॅथकार्टला पत्र पाठवले. गव्हर्नरांनी आपली ताकद दाखवली आहे, गुरे नेली आहेत, आम्हाला पुरेशी शिक्षा झाली आहे, आता तह व्हावा, असा त्याचा आशय होता. पेचात सापडलेल्या कॅथकार्टला विजयी म्हणून परत जाण्याची वाट मिळाली आणि त्याने ती लगेच पकडली. एका गव्हर्नरचा पराभव केला तर लंडन दुसरा गव्हर्नर आणखी मोठी फौज देऊन पाठवेल, हे मोश्वेश्वेला कळत होते. न्देबेलेंना बैल देण्यामागे जो विचार होता तोच या पत्रामागे होता.

मग ही नीती कुठे अपुरी पडली?

१८५४ मध्ये ब्रिटिशांनी अंग काढून घेतले आणि बोअरांचे ऑरेंज फ्री स्टेट हे प्रजासत्ताक अस्तित्वात आले. सीमेचा प्रश्न मात्र तसाच ठेवला. १८५८ च्या पहिल्या युद्धात बोअरांना थाबा बोसिऊवरून परतावे लागले. पण १८६५ मध्ये ते अधिक तयारीने आले. ऑगस्टमध्ये लोउ वेपनर हा त्यांचा सेनानी घळीतून वर चढताना मारला गेला आणि डोंगर वाचला. तेव्हा बोअरांनी डावपेच बदलले. डोंगर सोडून ते खालच्या शेतांकडे वळले. उभी पिके जाळली, धान्याची कोठारे लुटली, गुरे हाकलून नेली.

भुकेल्या शत्रूला बैल देऊन परत पाठवता येते. जमिनीसाठीच आलेल्या शत्रूला काय देणार? मोश्वेश्वेची नीती इथे अडली. तो आता ऐंशीच्या घरात होता. त्याचे मुलगे आणि भाऊबंद आपापल्या भागात जवळपास स्वतंत्र वागत. बोअरांच्या गुरांवर ते घालत असलेले छापे त्याला थांबवता आले नाहीत आणि युद्धाला निमित्त मिळत गेले. १८६६ मध्ये मोलापो या मुलाने बोअरांशी परस्पर तह केला. त्यानंतर एप्रिलमध्ये खुद्द मोश्वेश्वेलाही थाबा बोसिऊचा तह मान्य करावा लागला आणि बहुतेक सुपीक जमीन गेली. वर्षभरात युद्ध पुन्हा भडकले.

ब्रिटिशांचे छत्र त्याने का पत्करले?

मोश्वेश्वेपुढे दोन पर्याय उरले होते. बोअरांच्या हाती गेल्यास बासोथो आपल्याच जमिनीवर मजूर होणार होते. ब्रिटिशांच्या हाती गेल्यास स्वातंत्र्य जाणार होते, पण समाज आणि उरलेली जमीन एकत्र राहण्याची शक्यता होती. ब्रिटिश संरक्षणासाठी तो १८६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रयत्न करत होता. बोअरांनी फ्रेंच मिशनऱ्यांना हाकलल्यामुळे युरोपातही नाराजी पसरली होती. फ्री स्टेटने समुद्राच्या दिशेने हातपाय पसरू नयेत, हेही ब्रिटिशांना हवे होते. अखेर १२ मार्च १८६८ रोजी गव्हर्नर फिलिप वुडहाउस याने बासुटोलँड ब्रिटिश मुलूख झाल्याचे जाहीर केले.

पुढच्या वर्षी अलिवाल नॉर्थ इथे वुडहाउस आणि फ्री स्टेट यांनी सीमा ठरवली. त्या करारात बासोथो पक्षकार नव्हते. कॅलेडनच्या पश्चिमेची जमीन फ्री स्टेटकडे गेली ती कायमची. ११ मार्च १८७० रोजी मोश्वेश्वेचे थाबा बोसिऊवर निधन झाले. त्याला तिथेच दफन करण्यात आले.

या निर्णयाचे पुढे काय झाले?

१८७१ मध्ये ब्रिटिशांनी बासोथोंना न विचारता हा मुलूख केप वसाहतीला जोडला. केप सरकारने १८८० मध्ये त्यांच्या बंदुका काढून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा बासोथोंनी लढून तो हाणून पाडला. १८८४ मध्ये लंडनने कारभार पुन्हा थेट आपल्याकडे घेतला. त्यामुळेच १९१० मध्ये दक्षिण आफ्रिका संघ स्थापन झाला तेव्हा बासुटोलँड त्यात नव्हता आणि वर्णभेदी राजवटीच्या कायद्यांची पकड त्यावर बसली नाही. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी लेसोथो स्वतंत्र झाला. आजही तिथे मोश्वेश्वेच्या वंशातील तिसरा लेत्सी हा राजा आहे.

या निर्णयाची किंमतही तितकीच खरी आहे. पिकाऊ जमीन गेल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या बासोथो पुरुषांना पोटासाठी दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जावे लागले. डोंगर मात्र उरले आणि त्या डोंगरांतले पाणी १९८६ च्या करारानुसार आज जोहान्सबर्गच्या परिसराला पुरवले जाते. गेलेल्या जमिनीची सलही मिटलेली नाही. २०२३ मध्ये लेसोथोच्या संसदेत ती परत मागण्याच्या प्रस्तावावर चर्चा झाली.

मोश्वेश्वेने घेतलेल्या निर्णयात जमीन आणि स्वातंत्र्य या दोन्हींचा मोठा हिस्सा गेला. पण ज्यांना त्याने गाय देऊन, जागा देऊन, कधी माफ करून एकत्र आणले होते, ती माणसे एकत्र राहिली. कॅलेडनच्या पश्चिमेला राहिलेल्या जमिनीचा आणि पूर्वेला टिकलेल्या देशाचा हिशेब बासोथो आजही एकत्रच मांडतात. त्या हिशेबात दर ११ मार्चला थाबा बोसिऊवरील त्या साध्या थडग्यापुढे लोक का जमतात, याचे उत्तर आहे.